मिस्त्री घर घेतात

आमच्या भागात घर घ्यायचं ठरलं की लोक आधी दलालाकडे जात आणि मग, दलालाच्या नकळत, मिस्त्रींकडे.

मिस्त्री लिफ्ट दुरुस्त करायचे. मोठ्या रस्त्याच्या एका बाजूला जुन्या पाच-सहा मजली इमारती, समोर काचेचे मनोरे, मागच्या गल्ल्यांत कारखाने आणि त्यांच्यावर विद्यार्थ्यांच्या खोल्या. लांबून लांबून आलेली कुटुंबं, एकेका जिन्यात चार चार भाषा. 'दार आपटू नये' एवढी साधी पाटी, तीही तीन लिप्यांत. या सगळ्या पसाऱ्यात मिस्त्री तीस वर्षं हिंडले होते, गच्चीवरच्या मशीनच्या खोलीपासून लिफ्टच्या तळाच्या खड्ड्यापर्यंत. कुठे पाणी मुरतं, कुठला तडा रंगाखाली दडवलाय, कुठल्या इमारतीत घरमालकांची तोंडं दोन दिशांना आहेत म्हणून दुरुस्ती रखडते, सगळं त्यांना तोंडपाठ.

"रंग दिला की सगळ्याच इमारती लग्नातल्या फोटोसारख्या दिसतात," ते म्हणत. "खड्ड्यात उतरलं की खरं वय कळतं."

ते स्वतः मात्र तळमजल्यावर, मागच्या अंगाला दोन भाड्याच्या खोल्यांत राहत. तिथे ऊन यायचं ते समोरच्या काचेच्या इमारतीवरून उसनं, दुपारी जेमतेम अर्धा तास. त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, पडदे शिवत. भर दिवसा दिवा लावून, मशीनवर वाकून. स्वतःचं घर हवं हा धोशा त्यांनी अकरा वर्षं लावला होता. मिस्त्रींनी चौदा घरं पाहिली आणि चौदाही नाकारली. एकाच्या गच्चीवरची टाकी गळकी. एकाचा पाया खचतोय अशी शंका. एकात सगळं ठीक होतं, तर मिस्त्री म्हणाले, "सगळं ठीक कसं असेल? काहीतरी असणारच."

"लोक म्हणतात, घर पाहावं बांधून," वहिनी म्हणायच्या. "आमच्याकडे घर पाहावं आणि सोडून द्यावं."

माझी त्यांची ओळख चष्म्याच्या दुकानातली. मी तिथे नंबर काढतो. मिस्त्रींचा जवळचा नंबर दरवर्षी थोडा वाढायचा आणि दरवर्षी ते म्हणायचे, "तुमचं यंत्र बिघडलंय, मी बघू का?"

त्या वर्षी आम्हीही घर शोधत होतो. मी, माझी बायको आणि माझी आई. आईचे दोन्ही गुडघे गेलेले, त्यामुळे लिफ्ट असलेलंच घर हवं होतं. दलालाने पाचव्या मजल्यावरचं एक घर दाखवलं. मालकीणबाई निवृत्त शिक्षिका, एकट्या. बहिणीकडे राहायला जायचं म्हणून विकत होत्या. स्वयंपाकघराला पूर्वेची मोठी खिडकी, खाली शाळेचं मैदान. आई त्या खिडकीशी खुर्ची ओढून बसली ती उठायलाच तयार नाही. पण निघताना नेमकी लिफ्ट अडकली. चौथ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये दहा मिनिटं आम्ही एकमेकांची तोंडं बघत उभे. बाई वरून ओरडून धीर देत होत्या, "अधूनमधून होतं असं, घाबरू नका!"

दुसऱ्या दिवशी मी मिस्त्रींना गाठलं. ते एका इमारतीच्या पायरीवर बसून हाताचं ग्रीस पुसत होते.

"त्या शिक्षिकाबाईंच्या इमारतीतली लिफ्ट कशी आहे हो?" मी विचारलं. "आईसाठी घ्यायचंय. खरं काय ते सांगा."

मिस्त्री एकेक बोट पुसत राहिले. मला वाटलं, त्यांना आठवत नसेल. म्हणून मीच म्हटलं, "जुनी झालीय ना? सारखी बंद पडते म्हणे."

"जुनी आहे," ते म्हणाले. "बंदही पडते."

मी निराश झालो. आभार मानून निघालो. गाड्या होत्या म्हणून रस्त्याच्या कडेला थांबलो, तोच मागून हाक आली.

"अहो, थांबा. अर्धंच सांगितलं मी." ते उठून उभे राहिले होते. "ती लिफ्ट बदलतायत. चार दिवसांपूर्वी घरमालकांच्या सभेत ठरलं. मीच लिहून दिलं होतं. मशीन, दोर, आत उभं राहायचा पाळणा, सगळं नवीन. दोन महिने आईंचे हाल होतील, पण मग वीस-पंचवीस वर्षं बघायला नको. इमारत उत्तम आहे. या भागात एवढी चांगली दुसरी नाही."

"म्हणजे घ्यावं?"

"घ्या," ते म्हणाले आणि ग्रीसचं फडकं घडी करून खिशात घातलं. फडक्याची घडी करणारा माणूस मी प्रथमच पाहत होतो. पण माझा जीव भांड्यात पडला होता, त्यामुळे पुढचा विचार केला नाही. दुसऱ्याच दिवशी आम्ही बाईंना शब्द दिला.

तीन महिन्यांनी आम्ही राहायला गेलो. लिफ्ट नवी कोरी होती. पडद्यांसाठी बायकोने वहिनींना बोलावलं. वहिनी आल्या, चहा घेतला आणि पिशवीतून कापडाचे नमुने काढले. मी मोजपट्टी घेऊन खिडकीशी उभा राहिलो.

"राहू दे भाऊ," त्या म्हणाल्या. "स्वयंपाकघराची चौसष्ट बाय बावन्न. बाहेरच्या खोलीची थोडी उंच आहे. मापं आहेत माझ्याकडे."

"ती कशी?" बायकोने विचारलं. "बाईंचे पडदे तुम्ही शिवले होते का?"

वहिनींनी नमुने उलटे-सुलटे केले. सांगायचं नव्हतं त्यांना, हे दिसत होतं. पण आईने, तिला कुठे थांबावं हे कधीच कळत नाही, विचारलंच, "म्हणजे तुम्ही पण हे घर बघितलं होतं की काय?"

बघितलं होतं. दोनदा. चौदा घरांनंतर मिस्त्रींनी पहिल्यांदा 'हो' म्हटलं होतं. बाईंकडून आठ दिवस मागून घेतले होते, फक्त लिफ्टचा निर्णय व्हायची वाट होती. तो झाला, पण बाईंना शब्द द्यायला जाण्याआधीच, त्याच आठवड्यात, मी त्यांना पायरीवर गाठलं. मागितलेले आठ दिवस उलटून गेले होते आणि बाईंनी कुणाकडून विसार घेतला नव्हता. जो आधी शब्द देईल त्याचं घर.

आम्ही ओशाळलो. बायको म्हणाली, "वहिनी, मग त्यांनी आम्हाला—"

"घरी येऊन सांगितलं मला. म्हणाले, 'त्याची आई आहे, पाय गेलेत, त्याने खरं विचारलं.' मी म्हटलं, बरोबर केलंत. म्हटलं खरं. पण मग दोन दिवस मान वर न करता शिवत बसले. राग त्यांचा नव्हता. राग कुणाचा करावा तेच कळेना, म्हणून जास्त आला."

संध्याकाळी मी मिस्त्रींकडे गेलो. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. "मला सांगायचं होतं ना," एवढंच म्हणालो.

"काय सांगणार? तुम्ही लिफ्टचं विचारलंत, मी लिफ्टचं सांगितलं." मग म्हणाले, "खरं सांगू? तुम्ही रस्ता ओलांडला असतात तर मी हाक मारली असती की नाही, मला माहीत नाही. गाड्या होत्या म्हणून तुम्ही थांबलात."

या माणसाबद्दल मला आदर होताच. त्या वाक्यानंतर तो वेगळ्या जातीचा झाला.

पुढचं सगळं वहिनींनी केलं. "आता घर मी बघणार," त्यांनी नवऱ्याला बजावलं. "तुम्ही फक्त सही करायला यायचं." आणि खरोखर सहा आठवड्यांत त्यांनी घर पक्कं केलं. मागच्या गल्लीत, पुस्तकं बांधणाऱ्याच्या कारखान्यावर, तिसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या, तीन खिडक्या, सकाळभर ऊन.

मिस्त्री इमारतीसमोर जाऊन उभे राहिले आणि हबकलेच.

"अगं, इथे लिफ्टच नाही!"

"नाहीच्चे."

"मी या इमारतीत कधी पाऊलसुद्धा ठेवलेलं नाही. मला हिच्याबद्दल काहीच माहीत नाही."

"म्हणून तर घेतलं," वहिनी म्हणाल्या.

सही करताना मिस्त्रींनी पेन दोनदा खाली ठेवलं. वकिलाने विचारलं, काही शंका आहे का? ते म्हणाले, "शंका पुष्कळ आहेत, पण परवानगी नाही."

शंका खऱ्याही ठरल्या. न्हाणीघराच्या भिंतीत ओल निघाली, खालच्या कारखान्यातून पुस्तकं चिकटवायच्या सरसाचा वास येई, आणि दारं पावसाळ्यात फुगून बसत. एकेक दोष सापडला की मिस्त्रींचा चेहरा उजळायचा. दारं रंधा मारून झाली, ओल त्यांनीच खणून काढली, वासाची मात्र सवय झाली. वहिनींचं मशीन खिडकीशी गेलं. मिस्त्रींच्या चष्म्याचा नंबर वर्षभर वाढला नाही, हे मी स्वतः तपासलंय, पण त्याचं श्रेय उन्हाला द्यावं असं शास्त्र सांगत नाही.

आता मिस्त्री निवृत्त झालेत. आईने पाठवलेला लोणी-पाव घेऊन मी परवा त्यांच्याकडे निघालो, तर ते दुसऱ्या मजल्याच्या वळणावर एका खुर्चीवर बसलेले. त्या मजल्यावर एक परदेशी कुटुंब राहतं. मिस्त्री रोज तिथे दम घ्यायला थांबतात हे बघून त्या लोकांनी ती खुर्ची बाहेर आणून ठेवली होती. एकाला दुसऱ्याची भाषा येत नाही. त्या घरातली आजी दाराशी उभी राहून मिस्त्रींना काहीतरी लांबलचक सांगत होती आणि मिस्त्री माना डोलावत होते.

"काय म्हणतात त्या?" मी विचारलं.

"कळत नाही," मिस्त्री म्हणाले. "पण रोज तेच सांगत नाहीत, एवढं कळतं. बसा, अजून संपलेलं नाही."

मी वरच्या पायरीवर बसलो. आजीने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.