साडभाऊंचे खुंटे

"कोन गाडले रे हे बांबू? कोनाच्या बापाचा तलाव हाय हा? निघ! आधी पान्याच्या बाहेर निघ, मंग बोलू!"

तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, पार्बताबाईंचा हा आवाज निघाला तेव्हा आंधळगावच्या बाजारातल्या कोंबड्या टोपलीतून उडाल्या असं लोक सांगतात. मी स्वतः पाळीवरच उभा होतो, त्यामुळे माझा एक कान दुपारपर्यंत बंद होता. आणि ज्याच्यासाठी हा आवाज काढला गेला होता तो इसम कंबरभर पाण्यात, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून (कंबरभर पाण्यात तिचा काय उपयोग ते त्यालाच ठाऊक), एक पांढरा डबा दोन्ही हातांनी डोक्यावर धरून शांत उभा होता. त्याला काहीच ऐकू गेलं नव्हतं. तो डब्यातला हिरवा दिवा लुकलुकतो का ते पाहत होता. दिवा लुकलुकला. मग तो वळला, आणि पार्बताबाईंनी त्याला ओळखलं.

"अव माय! जवाईबापू व्हय काय! या ना मंग असे इकडं. चहा घ्या. आन् हे बांबू काहून गाडले तेवढं सांगा, नाही तं तुमचं टकुरं..." इथे बाईंनी शब्द गिळला. गावच्या जावयाचं टकुरं फोडता येत नाही.

तो जावई म्हणजे माझा साडभाऊ. मी पुष्कळ माणसं पाहिली, पण साऱ्या सृष्टीचं ऐकणारा आणि माणसांचं एक अक्षरही न ऐकणारा असा इसम भंडारा जिल्ह्यात दुसरा झाला नाही. आम्हा दोघांची सासुरवाडी एकच, तलावावर मासेमारी करणारं घर. मोठी बहीण मला मिळाली, धाकटी त्याला. माझं आंधळगावात मोटरपंप दुरुस्तीचं दुकान, तर तो नागपूरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतो आणि केस पांढरे व्हायला लागल्यावर पीएचडी करतो. सासुरवाडीच्या गावात मी 'मोटरवाले जवाई' आणि तो 'डब्बेवाले जवाई'. त्याच्या डब्यात सेन्सर असतो, रेडिओ असतो, डोक्यावर तळहाताएवढं सोलर असतं, आणि तो डबा जिथे ठेवाल तिथली खबर बिनतारी पाठवत राहतो. डबे कुठेही ठेवायची त्याला सवय. सासूबाईंच्या धानाच्या ढोलीत त्याने एक डबा पुरला, धानाला ओल लागते का पाहायला. सासूबाई धान काढायला गेल्या, आतून हिरवा डोळा त्यांच्याकडे बघतोय म्हणून किंचाळल्या, आणि ढोलीला नारळ फोडल्याशिवाय पुन्हा तिला हात लावायला तयार झाल्या नाहीत. त्याने नारळ फुटल्यावर विचारलं, "नारळाचं पाणी धानात गेलं का? ओल एकदम वाढलेली दिसते."

त्याच्या लग्नातली गोष्ट तर मी वरठीच्या स्टेशनवर अनोळखी माणसांनाही सांगितलेली आहे. अंतरपाटाच्या अलीकडे नवरदेव उभा, खिशात मोबाइल, मंडपाच्या चार कोपऱ्यांना त्याचे चार डबे. माणसांच्या गर्दीने रेडिओचा सिग्नल किती कमी होतो हे मोजायला एवढी गर्दी त्याला पुन्हा कुठे मिळणार होती? मंगलाष्टकं चालू असताना तो आमच्या मामेसासऱ्यांना हळूच म्हणाला, "मामा, जरा बाजूला व्हा ना. तुम्ही सिग्नल पिताय." माणसाच्या अंगात पाणी असतं आणि पाणी रेडिओच्या लहरी शोषून घेतं, एवढाच त्याचा अर्थ. पण मामांना मंडपात त्या दिवशी कोणत्याही पिण्याविषयी बोललेलं सोसण्यासारखं नव्हतं. त्यांनी तिथल्या तिथे वैनगंगेची शपथ घेतली, बायकोच्या डोक्यावर हात ठेवला, आणि एक मंगलाष्टक त्यांच्या खुलाशातच संपलं.

मग म्हशीचं प्रकरण. सासऱ्यांच्या म्हशीच्या गळ्यात त्याने घंटेच्या जागी डबा बांधला. म्हैस कुठे चरते, किती चालते, अंग किती तापतं, सगळं त्याला नागपुरात बसून दिसायचं. भर दुपारी माझ्या दुकानात फोन. "भाऊ, म्हैस गेली. निरोप बंद झाला. तुम्ही जाऊन पाहता का?" मी उघडी मोटर तशीच टाकून फटफटीवर गेलो, तर म्हैस तलावात गळ्यापर्यंत बसून रवंथ करत होती. डबा पाण्याखाली, आणि पाण्याखालून रेडिओ बोलत नाही. हा फोन पुढे सारा उन्हाळा रोज येत राहिला. म्हैस रोज पाण्यात बसायची, तो रोज घाबरायचा आणि मी रोज जायचो. शेवटी म्हशीने फटफटीचा आवाज आला की आपणहून मान वर काढायला सुरुवात केली. निरोप लगेच चालू व्हायचा, आणि तो फोनवर म्हणायचा, "सापडली ना? मला माहीतच होतं तुम्ही शोधाल."

तर असा माणूस तलावात बांबू गाडत होता. त्याला पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजायचा होता. ढगाळ, कोंदट दिवसांत पाण्यातला ऑक्सिजन उतरतो, मासे पहाटे वर येऊन तोंड उघडतात आणि कधी कधी अख्ख्या तलावाचे मासे उलटे होऊन तरंगतात. हे आधी कळलं तर जाळं टाकून मासे काढता येतील, निदान पाणी खळबळवता येईल. त्यासाठी त्याला त्या तलावाचं एक पूर्ण वर्ष हवं होतं, आषाढात भरायला लागल्यापासून उन्हाळ्यात आटेपर्यंत. मध्ये खंड पडला तर सगळं फुकट, पुन्हा पहिल्यापासून. कॉलेजने त्याला दिलेली मुदतही तेवढीच होती.

पण आमच्या सासुरवाडीच्या तलावात आषाढात बांबू गाडणं म्हणजे काय, हे त्याने कोणाला विचारलंच नव्हतं. त्या दिवसांत तिथे शिंगाड्याचे वेल लागतात. ज्या घराने जिथे खुंटा गाडला तिथलं पाणी त्या हंगामात त्या घराचं. आणि एकदा गाडलेला खुंटा ज्याचा त्यानेच उपटायचा, दुसऱ्याने हात लावायचा नाही, मग तो चोराचा का असेना. साडभाऊने गावाचा पहिला वेल लागायच्या आत तलावभर, सरळ रांगेत, डझनावारी खुंटे गाडले होते. गावाच्या हिशोबाने जावयाने अख्खा तलाव घेतला होता, आणि कोणाला तो उपटताही येत नव्हता.

पाळीवर बैठक बसली. त्याने दोन तास लहरी, सेन्सर, नेटवर्क समजावून सांगितलं. एका डब्याचा निरोप दुसऱ्याकडे, दुसऱ्याचा तिसऱ्याकडे असा हातोहात सासऱ्यांच्या छपरावर बसवलेल्या मोठ्या डब्यापर्यंत कसा जातो, मधला एक बंद पडला तर निरोप आपोआप दुसऱ्या वाटेने कसा जातो, हे ऐकून एक म्हातारा म्हणाला, "हे तं आमच्या बायकाईलेबी येते." शेवटी पार्बताबाईंनीच निकाल दिला. त्या आमच्या चुलत सासू, आणि तलावावर त्यांचा शब्द शेवटचा. "जवायाले हिस्सा नसते. पन खुंट्याले घर पाहिजे. एकएक खुंटा एकएक घर घेईन, वेल तिथंच लावीन. तुमचा डब्बा वर ऱ्हाऊ द्या, आमाले काय करायचं त्याचं."

मला वाटलं, प्रश्न मिटला. साडभाऊला वाटलं, प्रश्न मिटला. मग त्याने माणसांशी आयुष्यात पहिल्यांदाच चांगुलपणा करायचं ठरवलं. खुंटे घरोघरचे झाले, तर आकडेही घरोघरचे असावेत म्हणून त्याने मोबाइलवर गट काढला आणि रोज सकाळी प्रत्येक घराच्या नावापुढे त्याच्या खुंट्याखालच्या ऑक्सिजनचा आकडा पाठवायला लागला.

आता त्या तलावाची रीत अशी आहे की त्यातून जे निघतं त्याचे सारखे वाटे पडतात. मासे पाळीवर येतात, ढीग लागतात, एक म्हातारा ढिगांकडे पाठ करून बसतो, "हा कोनाचा?" विचारलं की न पाहता नाव घेतो. मोठा मासा, लहान मासा, कोणाच्या मनात काही राहत नाही. आणि इथे रोज सकाळी कळायला लागलं की तलावाने अमक्याला जास्त दिलं आणि तमक्याला कमी. पहिल्या आठवड्यात हसण्यावारी गेलं. दुसऱ्या आठवड्यात दोन सख्ख्या जावा एकमेकींशी बोलेनात. एकाने दुसऱ्यावर सरळ आरोप केला की रात्री डोंगा घेऊन येतो आणि माझ्या खुंट्याजवळचं पाणी आपल्याकडे ढकलतो. माझ्या दुकानात एक गृहस्थ मोटर घेऊन आले, म्हणाले, "भाऊ, हिले उलटी फिरवून देता काय? शेजाऱ्याचा ऑक्सिजन वढतो जरासा."

सगळ्यात कमी आकडा कोणाचा? पार्बताबाईंचा. कारण सगळ्यात दाट वेल त्यांचा. पानांनी पाणी असं झाकलं होतं की हवा शिरायला वाव नाही आणि उजेड खाली उतरायला वाट नाही. ज्याचं पीक चांगलं त्याच्या पाण्याला दम कमी, असा तो सरळ हिशोब होता. पण ज्या बाईने जन्मभर तलावावर राज्य केलं तिचं नाव रोज सकाळी गटाच्या तळाशी येत होतं, आणि सून ते मोठ्याने वाचून दाखवत होती.

पाळीवर पुन्हा बैठक बसली. या वेळी जावयाला चहा विचारला नाही. "सारखं द्या, नाही तं खुंटे काढा," पार्बताबाई म्हणाल्या. "तलाव कोनाले कमी-जास्त देत नाही. तुमचा डब्बाच देऊन राहिला."

विचार करायला त्याने एक दिवस मागितला. मी त्याला बाजूला घेतलं. दुरुस्तीच्या धंद्यात अर्धं काम पान्याने होतं आणि अर्धं तोंडाने, हे मला कळतं. म्हटलं, "प्रोफेसर, सोपं आहे. सगळ्यांची सरासरी काढ. रोज सकाळी सगळ्यांच्या नावापुढे तोच आकडा. खोटं नाही, खोट्याच्या गावचं नाही. खरे आकडे तुझ्या कॉम्प्युटरात ठेव. उन्हाळ्यापर्यंत तुझं वर्ष पुरं होते."

त्याने विचार केला. खरंच केला, मी पाहिलं. डब्यावरचा चिखल नखाने काढत बराच वेळ बसला. मग म्हणाला, "भाऊ, काकूच्या वेलाखाली मासा गुदमरून राहिला, आणि मी काकूले सरासरी सांगू?"

नागपूरला शिकवून शिकवून त्याची बोली पार पुसली गेली होती. त्या दिवशी ती परत आलेली ऐकली.

दुसऱ्या दिवशी त्याने बैठकीत उभं राहून सांगितलं. माणसांकडे पाहून सांगितलं, हेच मोठं. "काकू, तुमचा वेल दाट आहे. तिसरा हिस्सा काढून टाका, पाण्याला श्वास घेऊ द्या. ढगाळ दिवस आले तर तुमच्याच खाली पहिले मासे जातील. आकडा खरा आहे. मी तो बदलणार नाही."

"कापू?" पार्बताबाई म्हणाल्या. "तोंडावर आलेला शिंगाडा मी कापू? वेल माझा दाट हाय म्हनून पोटात दुखून राहिलं का गावाच्या, तुमच्याबी?"

शिंगाडा भरात आला होता, आणि जावयाच्या आकड्यासाठी भरलेला वेल कापा असं त्या तलावावर कोण म्हणणार होतं?

खुंटे ज्याने गाडले त्यानेच काढायचे, ही रीत तेव्हाही पाळली गेली. साडभाऊ डोंग्यात बसला, मी वल्हं धरलं. वेलांमधून डोंगा सरकत नव्हता, पानं बाजूला सारत जावं लागत होतं. प्रत्येक खुंटा तो आधी दोन्ही हातांनी हलवायचा, मग वर ओढायचा, डबा सोडवून पुसायचा आणि मांडीवर ठेवायचा. दिवे एकेक करून बंद होत गेले. सासऱ्यांच्या छपरावरचा मोठा डबा तरी निरोपाची वाट पाहत राहिला असेल. तो बंद करायचं कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. आभाळ भरून आलं होतं, पाऊस मात्र पडत नव्हता. हवा अशी दाटली होती की माझा शर्ट पाठीला चिकटला.

काठाला लागलो. डबे त्याने पोत्यात भरले, बांबू पाळीवर ओळीने ठेवले. पार्बताबाई घरातून निघून पाळीवर आल्या, पदराने वारा घेत, वेलाकडे पाहत थोडा वेळ उभ्या राहिल्या. आभाळाकडे पाहिलं. मग पुन्हा वेलाकडे.

"जवाईबापू," त्या म्हणाल्या, आवाज एकदम खालचा, "आज माझ्या खुंट्याचं किती व्हतं?"

साडभाऊ पोत्याचं तोंड बांधत होता. त्याने गाठ पुरी केली.

"आता माहीत नाही, काकू."