बॅटरी नसलेल्या ट्रकचा उजेड

करंट डोळ्यांना दिसत नाही, पण टेस्टर लावला की कळतो. जे टेस्टरला कळत नाही ते नाहीच, या समजुतीवर मी बावीस वर्षं सुप्यात गाड्यांचं वायरिंग करतोय. घरचे ताईत बांधायचे, मी काढून ठेवायचो. त्यामुळे हे लिहिताना मलाच अवघड वाटतंय. हसायचं तर हसा.

पुणे–नगर रोडला सुप्याजवळ एका शेठचं हॉटेल आहे. नाव सांगत नाही. त्याच्या वडिलांचा लांब नाकाचा जुना ट्रक मागच्या शेडमध्ये पडून होता. तो रंगवून हॉटेलसमोर उभा करायचा, लोक फोटो काढतील, असं शेठच्या डोक्यात आलं. पण हेडलाइटचा स्विच बिघडलेला – लाइट मध्येच लागायचे, मध्येच विझायचे, आणि स्विच हाताला चटका द्यायचा. तसला ओढायचा स्विच आता नवा मिळत नाही. नगरच्या भंगारातून एक शोधून आणला आणि उन्हाळ्यातल्या एका दुपारी बसवायला गेलो. बॅटरी आदल्या दिवशीच चार्जिंगसाठी माझ्या दुकानात नेली होती. म्हणजे गाडीत बॅटरीच नव्हती...

शेडमध्ये गेनूतात्या होते. या ट्रकचे जुने ड्रायव्हर. सात वर्षांपूर्वी काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले, मागंपुढं कुणी नाही, म्हणून शेठनं तिथं बाज टाकून दिली होती. "आंधळा पोसतोय," असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा. तात्यांच्या देखत.

स्विच बसवला. खटका नीट पडतोय का बघायला ओढला. ट्रकच्या तोंडासमोर बाजेवर बसलेल्या तात्यांनी डोळ्यांवर हात घेतला आणि मला म्हणाले,

"सलीम, डिपर मार. डोळ्यावर येतोय उजेड."

मला वाटलं, चेष्टा करतायत. स्विच आत ढकलला.

"बंद झाली लाइट," तात्या म्हणाले.

खटका ऐकून बोलत असतील. मी स्विच सोडवला आणि वायरींची टोकं आवाज न करता एकमेकांना टेकवली. "लागली." दूर केली. "गेली." सात-आठ वेळा केलं. एकदाही चुकले नाहीत. टेस्टर लावला तर वायरीत काही नाही. बल्ब काळेच.

मी परत स्विच जोडला आणि ओढून ठेवला. तात्या मडगार्डला धरून उभे राहिले, समोरच्या भिंतीकडे वळले आणि स्वतःचा हात उलटा-सुलटा करून बघायला लागले.

"नखं लई वाढल्यात रं. आन् भिंत निळी कवा केली?"

भिंत दिवाळीत रंगवली होती. कुणी सांगितलंही असेल त्यांना. पण त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं.

तेवढ्यात शेठ आला. मी सांगितलं तर हसायला लागला. भिंतीपुढं उभा राहून त्यानं बोटं वर केली. "किती?"

"तीन."

"आता?"

"मूठ हाय, शेठ."

शेठला मजा वाटायला लागली. "गिऱ्हाइकांपुढं उभा करतो तुला, तात्या. तिकीट लावू," म्हणत त्यानं मोबाईल काढून शूटिंग सुरू केलं.

तात्या मात्र त्याच्या खांद्यावरून मागं बघत होते.

"शेठ, तुमच्या मागं बाई कोन हाय? काखेत लेकरू हाय. डोकं फुटलंय तिचं."

शेठ वळला. मागं नुसती भिंत होती.

"तुमी नवीन गाडी शिकत हुता, तवा फाट्यावर धक्का बसल्याला," तात्या हळू आवाजात म्हणाले. त्यात राग नव्हता. "मी केबिनमधी झोपल्यालो. उठून इचारलं तर तुमी म्हनला, वासरू हुतं. वासरू न्हवतं, व्हय?"

शेठचा चेहरा पडला. त्यानं मोबाईल खाली घेतला. येऊन स्विच आत दाबला आणि मला म्हणाला, "सगळ्या वायरी काढ. आत्ता."

तात्यांनी हात जोडले, तेही भलत्याच दिशेला. "बाईकडं न्हाई बघनार मी, शेठ. मान खाली घालून बसतो. कुनाला सांगनार न्हाई. दिसातून एकदा ओढू द्या फक्त."

"कटर नाही का तुझ्याकडं?" शेठनं मला विचारलं.

होता. शेठच्या सगळ्या गाड्यांचं काम माझ्याकडे येतं, घरात मुलीचं कॉलेज चालू आहे... मी वायरी तोडल्या. स्विच शेठनं उपसून रस्त्यापलीकडं फेकला. तात्या चाचपडत बाजेवर जाऊन बसले.

नंतर मी एका डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, आंधळ्या माणसालाही मेंदू कधीकधी चित्रं दाखवतो. दाखवत असेल. पण मी टोकं कधी टेकवतोय हे त्यांना कसं कळत होतं? आणि शेठचा चेहरा तसा का पडला? फाट्यावर काय झालं होतं हे मी कुणाकडेही विचारलं नाही. मला आजही यातलं काही उलगडलेलं नाही.

पंधरा दिवसांनी शेठ लग्नाला संगमनेरला गेला, तेव्हा मी गुपचूप शेडवर गेलो. तोडलेली एकेक वायर जोडली. तात्यांना मडगार्डजवळ उभं केलं. आधी टोकं नुसती टेकवली – काहीच झालं नाही. मग माझ्या गाडीतून बॅटरी उतरवून आणली आणि लाइट थेट तिच्यावर घेतले. दोन्ही हेडलाइट भिंतीवर लख्ख पडले.

तात्या डोळे ताणून तिकडंच बघत होते.

"लावली का रं?" त्यांनी विचारलं.

"अजून नाही, तात्या," मी म्हणालो.

"बरं. सावकाश लाव," म्हणाले, आणि उभे राहिले.