दाजींनी वाचलेलं पत्र

दाजी गेल्याचं मला दूध केंद्रावर कळलं. रिकाम्या बाटल्या घेऊन रांगेत उभी होते. पुढची बाई मागे वळून म्हणाली, "केणी बाई, दाजी गेले हो. पहाटे, झोपेतच." बाटल्या तशाच पिशवीत घेऊन घरी आले आणि दूध आणायचं राहिलं हे चहाचं आधण ठेवल्यावर लक्षात आलं. त्याला आता पाच आठवडे होतील...

विक्रोळीबाहेर दाजी धुरी हे नाव फारसं कुणाला माहीत नसेल. ते आमचे आमदार होते, दोनदा निवडून आलेले. मंत्री कधी झाले नाहीत. मालवणकडून लहानपणी मुंबईत आले, कारखान्याच्या फौंड्रीत अठरा वर्षं भट्टीपुढे उभे राहिले, आणि राहायला टेकडीवरच्या वस्तीत, आमदार झाल्यावरसुद्धा तिथेच. वस्तीत नळ आला तो त्यांच्यामुळे. बायकांना घेऊन रिकामे हंडे वॉर्ड ऑफिसच्या पायऱ्यांवर मांडून ते तीन दिवस बसले होते. पुढे लोकांनीच त्यांना निवडणुकीला उभं केलं. प्रचारात त्यांचं एकच आश्वासन होतं. टेकडीच्या पायथ्याशी शाळेसाठी राखून ठेवलेली जागा आहे, तिथे हायस्कूल आणीन.

त्या आश्वासनासाठीच मी त्यांना मत दिलं होतं. मी तिथल्याच म्युनिसिपल शाळेत सातवीला शिकवते. हायस्कूल हायवेच्या पलीकडे, आणि तो रस्ता रोज ओलांडून मुलीला पाठवायला आया तयार नसत. सातवीचा निकाल लागला की माझ्या हुशार हुशार मुली घरी बसायच्या. पुढच्या वर्षी त्यातलीच एखादी कडेवर भाऊ घेऊन नळावर भेटायची आणि मान खाली घालून म्हणायची, "बाई, बऱ्या आहात ना?"

दाजी निवडून आल्याला वर्ष होत आलं तेव्हा एका ओळखीच्या कारकुनानं मला एका पत्राची नक्कल दाखवली. शाळेच्या जागेवरचं आरक्षण उठवून ती इमारतींसाठी मोकळी करावी, स्थानिक आमदार म्हणून माझी हरकत नाही, असं त्यात टाइप केलेलं होतं. खाली दाजींची सही. माझ्या अंगाची लाही लाही झाली. चार पालक बायकांना घेऊन मी तडक त्यांच्या ऑफिसात गेले आणि कागद टेबलावर ठेवला.

दाजींनी तो उचलला, बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "काय आहे हे?"

"तुमचंच पत्र आहे. शाळेची जागा दिलीत तुम्ही."

"मी असलं काही दिलेलं नाही, बाई."

"मग सही कुणाची? खोटं बोलू नका, दाजी. किती मिळाले ते तरी सांगा."

ऑफिसातली माणसं उठून उभी राहिली. दाजींनी हातानंच त्यांना खाली बसायला सांगितलं. ते रागावले नाहीत. नुसते त्या सहीकडे बघत राहिले... आपण चोर पकडला, या समाधानात मी घरी आले. ते समाधान मला पुढे कितीतरी दिवस टोचत राहिलं.

दुसऱ्या दिवशी शाळेत लवकर पोचले, तर दाजी व्हरांड्यात एकटेच उभे. बरोबर कुणी कार्यकर्ता नाही, जीप नाही. वर्गात आले आणि पोरांच्या बाकावर गुडघे आवळून बसले. मग म्हणाले, "बाई, माका वाचूक येणा नाय."

एरवी आमच्याशी ते मालवणी बोलत नसत. त्या दिवशी तेवढंच वाक्य तसं आलं. मग सावकाश सगळं सांगितलं. वडील गेले तेव्हा शाळा सुटली. आकडे येतात, बसच्या पाट्या ओळखता येतात, सही कारखान्यात हजेरीसाठी शिकले. आमदार झाल्यावर कागदांचा ढीग यायचा. बरोबरचा माणूस सांगायचा, हे रेशनकार्डाचं, हे दवाखान्याचं, आणि ते सह्या करत जायचे. तो माणूस आता फिरकत नव्हता. "काल तुम्ही कागद ठेवलात, तेव्हासुद्धा त्यात काय आहे ते मला कळत नव्हतं," ते म्हणाले. "शिकवाल मला?"

मी माफी मागितली. ते म्हणाले, "ते राहू दे. किती दिवस लागतील सांगा."

साडेसातला शाळा भरायची. दाजी सहाला यायचे, आंघोळ करून, पाटी नको म्हणून दोनरेघी वही घेऊन. भट्टीपुढे कामं केलेली बोटं, पेन्सिल धरली की टोक मोडायचं. काना-मात्रा लवकर जमल्या, जोडाक्षरांनी छळलं, आणि रफारावर तर त्यांचा रागच होता. "अक्षरानंतर लिहायचा आणि अक्षराआधी वाचायचा, हा कुठला न्याय?" मला हसू यायचं, त्यांना यायचं नाही. पहिली गोष्ट त्यांनी पूर्ण वाचली तेव्हा मला वाटलं, आता खूश होतील. त्यांनी खिशातून त्या पत्राची नक्कल काढली आणि म्हणाले, "आता हे."

शाळेच्या जागेचा विषय सभागृहात यायचा होता, त्याच्या आदल्या दिवशी त्यांनी मला प्रेक्षक गॅलरीचा पास दिला. काय बोलणार ते सांगितलं नाही. विधानभवनात मी पहिल्यांदाच जात होते. वरून दाजी फार लहान दिसत होते. त्यांचं नाव पुकारलं गेलं. ते उठले, कागद दोन्ही हातांनी धरला.

"अध्यक्ष महाराज, या पत्राखाली सही माझी आहे. पण सही केली त्या दिवशी मला हे पत्र वाचता येत नव्हतं. आज येतं. म्हणून वाचून दाखवतो."

कुठल्यातरी बाकावर कुणी हसलं. दाजी वाचायला लागले. एकेक शब्द, बोट ठेवून. "सार्वजनिक" नीट पार पडला. "हितार्थ"पाशी ते थांबले... मी वर पदराचं टोक मुठीत घट्ट धरलेलं. समोरच्या बाकावरचे एक वयस्कर सदस्य, विरोधी पक्षाचे, पुढे झुकून ओठ हलवत होते, पण मोठ्यानं बोलले नाहीत. दाजींनी तो शब्द स्वतःच वाचला. तोवर हसणारा गप्प झाला होता. शेवटी ते म्हणाले, "ही सही मी परत घेतो. आमच्या मुलींना शाळा पाहिजे."

मंत्र्यांनी चौकशी लावली, आणि जागा वाचली. सगळं गोड झालं असं मात्र नाही. पक्षातले लोक चिडले, चव्हाट्यावर कशाला बोललात म्हणून. पुढच्या निवडणुकीत स्टेशनबाहेरच्या भिंतीवर कुणी भलंमोठं रंगवलं, 'अडाणी आमदार नको'. आम्ही ते पुसायला निघालो, तर दाजी भिंतीपुढे उभे राहिले आणि मला म्हणाले, "बाई, 'णी' दीर्घच ना? बरोबर लिहिलंय मग. राहू दे." थोडक्या मतांनी का होईना, ते पुन्हा निवडून आले.

हायस्कूल आधी पत्र्याच्या दोन खोल्यांत भरलं. नव्या आठवीत मी सातवीत शिकवलेल्या मुली होत्या, घरी बसलेल्यांपैकीही तिघी परत आल्या. उद्घाटनाला दाजींनी भाषण केलं नाही. दारात उभे राहून त्यांनी हजेरीपटातली सगळी नावं वाचली. आता तिथे पक्की इमारत आहे आणि त्या तिघींपैकी एक नर्सिंगला गेली आहे.

आमचा सहाचा वर्गही कधी बंद पडला नाही. दाजींचं वाचून झालं, पण तोवर वस्तीतल्या बायका यायला लागल्या होत्या, कारखान्याचे दोन वॉचमनही. दाजी सवड मिळेल तेव्हा येऊन मागच्या बाकावर वर्तमानपत्र वाचत बसायचे. त्यामुळे ते गेल्यावर वर्ग पुन्हा उघडायला मला धीर होत नव्हता. दिवसकार्य झालं, त्यानंतरही मी दोन आठवडे टाळलं. शेवटी गेल्या सोमवारी किल्ली घेऊन गेले, तर व्हरांड्यात पार्वतीवहिनी, दाजींच्या पत्नी, बसलेल्या. मांडीवर कापडी पिशवी.

"लोकांची पत्रं आलीत," त्या म्हणाल्या. "ते गेल्यावर. कुठून कुठून आलीत. सून म्हणाली, मी वाचून दाखवते. मी म्हटलं, थांब गं, मी वाचीन."

मी म्हटलं, "वेळ लागेल, वहिनी."

"लागू दे. मला आता कुठे जायचंय?"

मी दार उघडलं. वहिनी मागच्या बाकाकडे गेल्या नाहीत, पुढे फळ्याजवळच्या बाकावर बसल्या. पिशवीतून एक पोस्टकार्ड काढून त्यांनी माझ्यापुढे धरलं आणि पहिल्या अक्षरावर बोट ठेवून विचारलं, "हे कुठलं?"

"ती," मी म्हटलं. "तीर्थरूपमधला."