चूलबंद आवतण

बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि मी पुण्याहून गावी, मेडशीला आले. ऑफिसच्या मॅडमनी पंधरवडा दिला होता. घरून काम जमलं तर कायम तिकडेच राहा, नाही तर परत या. मला राहायचं होतं. आईला एकटीला बाबा आवरत नव्हते, आणि खरं सांगायचं तर पुण्यातल्या खोलीचा मला वीट आला होता.

गाडं अडलं ते प्रॉक्सीपाशी. बाहेरून काम करणाऱ्यांनी प्रॉक्सीतून, म्हणजे कंपनीने ठेवलेल्या एकाच दारातून, आत यायचं असा नियम. ब्राउझरला त्या दाराचा पत्ता दिला होता, तो सुरळीत चालायचा. पण आज्ञा टाइप करायची ती काळी खिडकी, टर्मिनल, ढिम्म. तिलाही पत्ता टाइप करून दिला की ती पळायची. दुसरी खिडकी उघडली की पुन्हा ठप्प. ऑफिसात बसून हे कधी करावंच लागलं नव्हतं. मी मोबाइलच्या टॉवरला शिव्या घालत बसले. मुदत संपत आली होती.

त्यातच बाबांचे रोडगे. चालायला लागलो तर मारुतीला रोडगे करीन, गावाला जेवू घालीन, असा त्यांचा नवस. शनिवार ठरला. त्यांना फार फिरता येईना म्हणून आदल्या दिवशी आवतण द्यायला मला धाडलं. बारावीपासून मी गावाबाहेरच. घरोघर गेले, "उद्या आमच्याकडे जेवायला या" म्हणाले, झालं.

शनिवारी गोवऱ्यांवर भाजलेल्या कणकेच्या रोडग्यांचा ढीग, वांग्याची भाजी गंजभर, आणि पंगतीला मोजकी माणसं. प्रत्येक घरातून एकेकच. आईचा चेहरा उतरला.

बाबांनी मला हाक मारली. "चूलबंद सांगतलं होतं का तू?"

"जेवायले या म्हटलं."

"मंग बराबर आहे. नुसतं या म्हटलं त घरातून एक मानूस येते. चूलबंद म्हटलं का सारं घर येते, चूलच पेटत नाही त्याइच्या घरी. इतकी शिकून काय करून राह्यली वो बाई!"

मी खजील झाले, आणि तिथेच डोक्यात प्रकाश पडला. पत्ता मी दर वेळी एकाच खिडकीला देत होते. प्रत्येक नवी खिडकी उघडताना जी फाइल वाचते, तिच्यात तो लिहिला की सगळ्यांना मिळणार होता. वाढणं सोडून आत पळाले, त्या फाइलीत पत्ता टाकला आणि एकामागून एक खिडक्या उघडल्या. सगळ्या चालल्या. मी इतकी जोरात ओरडले की आईला वाटलं विंचू चावला.

सोमवारी काम वेळेत गेलं. संध्याकाळी मॅडमचा निरोप आला, "तिथूनच करा." मी बाबांना वाचून दाखवला. त्यांनी गुडघ्यावरून हात फिरवला.

"येत्या शनवारी पुन्हा रोडगे लावू," ते म्हणाले. "आवतन तूच दे."

"आता कायचे रोडगे म्हनून सांगू?"

"सांगजो, पोरगी घरी राह्यली. आन चूलबंद सांगजो."