कापल्याची खूण

फुकटात एमआरआय करून देतो म्हणाले, तेव्हाच माझं डोकं सटकलं. आमची लेक सहा वर्षांची. तिला ऑटिझम आहे. बोलते अगदी मोजकं, कुणाच्या डोळ्यांत बघत नाही, आणि गोणीच्या सुतळीचा तुकडा बोटाभोवती गुंडाळत तासन्‌तास बसते. तिच्या शाळेतल्या बाईंनी निरोप दिला, शहरातल्या एका दवाखान्यात अशा मुलांच्या मेंदूचे फोटो घेऊन संशोधन चाललंय, हिला आणलंत तर बरं होईल. बरं कुणाचं होईल, ते काही सांगितलं नाही.

मी नाशकाच्या फुलबाजारात आमच्या मळ्यातले गुलाब विकतो. तिथं फुकट कुणी पानही देत नाही. आठवडाभर मी घरात तेच दळण दळत होतो. फोटो काढून पाठवणार कुठं? औषधवाल्यांचा हात असणारच. पोरीला इंजेक्शन देऊन झोपवलं तर? आणि मशीनला काय कळतंय? माझ्या आईची मान माझ्या प्रत्येक वाक्याला हलायची. बायको एकदाच म्हणाली, जायचं. का, ते सांगेना. मग मला तिचाही संशय यायला लागला. बाईंनी हिला काय भरवलंय कोण जाणे.

गेलो शेवटी. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ऑटिझम असलेल्या आणि नसलेल्या पुष्कळ मुलांचे फोटो शेजारी ठेवून मेंदूचे भाग एकमेकांशी कसे जोडलेले असतात ते आम्ही बघतो. एकाच मुलाच्या फोटोवरून त्या मुलाबद्दल फार काही सांगता येत नाही. मग आमचा फायदा काय, मी विचारलं. आज काहीच नाही, त्या म्हणाल्या. एवढं सरळ बोलणाऱ्या माणसाचा मला जास्तच संशय येतो.

इंजेक्शन मात्र नव्हतं. आधी प्लॅस्टिकच्या बोगद्यात झोपवून मशीनचा आवाज ऐकवायचा, सवय करायची. मला वाटलं, आता ही भोकाड पसरणार. कसलं काय! ठकठक सुरू झाली आणि पोरगी गप पडून राहिली. बाहेर काढलं तर पुन्हा आत निघाली.

खऱ्या मशीनच्या खोलीत मुलीच्या आईला सोबत जाता येत होतं, पण अंगावर धातू चालणार नव्हता. बायकोनं मंगळसूत्र काढून माझ्या हातात ठेवलं. एकदा ते तुटलं होतं, तेव्हा सोनाराकडून येईपर्यंत दोऱ्यात हळकुंड बांधून फिरली होती ही बाई. आज एका शब्दानं कुरकुर नाही. हिच्या मनात काहीतरी आहे, हे मी तेव्हाच ओळखलं.

नंतर आम्हाला स्क्रीनवर फोटो दाखवला. करडा, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा. बायको अगदी जवळ गेली.

"मॅडम, यात कुठं कापल्याची खूण आहे का?"

डॉक्टरीणबाईंना कळेना. मला कळलं. लेक पोटात असताना एकदा सकाळचं ग्रहण होतं. गरोदर बाईनं ग्रहणात काही कापायचं नसतं, बाळाला व्यंग येतं, असं आमच्याकडे मानतात. त्या दिवशी ग्रहणामुळे मजूर बायका आल्या नाहीत, म्हणून हिनंच कात्री घेऊन गुलाब कापले. पुढं लेकीचं निदान झालं त्या संध्याकाळी आई एवढंच म्हणाली होती, "कात्री कुणी धरली होती?" पुन्हा तो विषय निघाला नाही. मी समजलो, मिटलं.

बायकोनं हे सगळं रडत रडत सांगितलं. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. फोटो हळूहळू सरकवत त्यांनी तिला या टोकापासून त्या टोकापर्यंत दाखवला. "कुठंच नाही, ताई. आणि ग्रहणात फुलं कापल्यानं असं होत नसतं."

रिक्षात बायको लेकीच्या डोक्यावरून हात फिरवत होती. किती वर्षांनी मी तिला असं सैल बसलेलं पाहिलं.

घरी आई ओट्यावर हार ओवत होती. बायको पायांतल्या चपला न काढताच म्हणाली, "आई, पोरीच्या मेंदूत कापल्याची खूण नाही. मी डोळ्यांनी बघून आले."

आईनं सुईवर फूल ओवलं. मान वर केली नाही.

"मशीनला काय कळतंय?"

आठवडाभर हेच मी घरभर बोलत फिरलो होतो. माझेच शब्द. मंगळसूत्र अजून माझ्याच खिशात होतं. बायकोनं आईकडे बघितलं नाही. ती माझ्याकडे बघत होती.