मामा दारात उभा होता

अठरा वर्षं पूर्ण झाली आणि त्या मुलीला बालगृहातून निघावं लागलं. त्यानंतरचं वर्ष तिनं कधी मैत्रिणीकडे, कधी स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये काढलं. आमच्या शहरातल्या हजीरा भागात शिवणवर्ग घेणाऱ्या माझ्या मैत्रिणीनं तिला माझ्याकडे आणलं. "दोन महिने ठेव, मग बघू." वरची खोली रिकामीच होती. समोरच्या वहिनी तिला दुपारचं जेवायला बोलवायच्या. कोपऱ्यावरचे निवृत्त वकील काका तिची कागदपत्रं करून देत होते. ती मात्र फारशी बोलत नसे.

एका सोमवारी अकराच्या सुमारास बेल वाजली. दारात एक माणूस, मागे दोघे.

"मैं मामा हूँ। भांजी को लेने आए हैं, रिश्ता तय हो गया है।"

ती इथं नाही, असं सांगायला मी तोंड उघडलं. पण वर शिलाई मशीन चालू होतं. त्यानंही ऐकलं. मग मशीन थांबलं.

मी दार अडवून उभी राहिले. वहिनी कणकेच्या हातांनीच धावत आल्या आणि पायरीवर ठाण मांडून बसल्या. काकाही आले, बनियनवरच.

"लड़की बालिग है," ते म्हणाले. "जो पूछना है, उसी से पूछिए।"

मला त्याचीच धास्ती होती. हो म्हणाली तर?

ती जिना उतरली. खांद्याला बॅग.

"मामाजी, छह साल बालगृह में रही। आप एक बार भी आए?"

तो खाली बघू लागला.

"मैं नहीं जाऊँगी।"

तो चढ्या आवाजात बराच वेळ बोलत राहिला. एव्हाना गल्लीतली सात-आठ माणसं दारापाशी जमली होती. शेवटी तो त्या दोघांना घेऊन गेला. काकांनी त्याच दुपारी तिला पोलीस ठाण्यात नेऊन मामाविरुद्ध अर्ज द्यायला लावला.

"बॅग कशाला घेतलीस गं?" मी विचारलं.

"आंटी, मला वाटलं, इतका तमाशा झाला, आता तुम्हीच जा म्हणाल."

मी तिला जवळ घेतलं, तर ती कितीतरी वेळ ताठच उभी होती.

पुढे ती दीड वर्ष राहिली. आता पाटणकर बाजारात ब्लाउज शिवते. भाड्याची खोली घेताना घरमालकानं विचारलं, घरचं कोण आहे? तेव्हा आम्ही तिघं सोबत गेलो होतो.