नंबराला ठेवलेल्या चपला

बाबांच्या ऑपरेशनसाठी विमा कंपनीची मंजुरी यायची होती. बाबा वर खोलीत उपाशी झोपून होते आणि खासगी हॉस्पिटलच्या गार लॉबीत आई नि मी सकाळपासून बसलो होतो. मध्येच आई उठून विम्याच्या काउंटरसमोर गेली. तिने पायातल्या चपला काढून तिथे जोडीने ठेवल्या आणि अनवाणीच परत येऊन बसली.

"हे काय?" मी विचारलं.

"नंबर लावला."

सिव्हिलला आम्ही असंच करायचो. केसपेपरच्या खिडकीपुढे चपलांची रांग असायची आणि माणसं कडुलिंबाखाली बसायची. तिथे घाण होती, औषधं बाहेरून आणावी लागायची, डॉक्टर मान वर करत नसत. म्हणून तर मी विम्याचे हप्ते भरत आलो. सरकारी बरं की खासगी, यावर ऑफिसात तावातावाने बोलायचो.

सिक्युरिटीवाला आला. "मावशी, इथं लाइन नसते. कंपनीचा मेल येतो."

"कुठून येतो?" आईने विचारलं.

त्याने वर कुठेतरी हात केला. तो निघून गेला. चपलांच्या पुढे कुणी नव्हतं, मागेही कुणी नव्हतं. आई त्यांच्याकडे बघत राहिली, मग मीही.

सिव्हिलला रांग हलली की मागचा माणूस, न सांगता, आमच्याही चपला पायाने पुढे सरकवायचा.